फरकाच्या मापावरून चुकीचा शोध : स्क्रिप्टमधील दिनांक आणि कालांतर

जुन्नर तालुक्यातील खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, त्याच तालुक्यातील शिवनेरी किल्ला आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण या तीन ठिकाणांच्या नोंदी एकाच संगणकात घालायच्या ठरवल्या, तर प्रत्येक नोंदीतील दिनांकामागचा संकेत वेगळा असल्याचे लवकरच ध्यानात येते. दुर्बिणीच्या नोंदीत भारतीय प्रमाणवेळ आणि जागतिक वेळ या दोन्ही नांदतात, पर्जन्यमापकाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि शिवकालीन नोंद शके, मास व तिथी यांत असते. पायथनसारख्या स्क्रिप्टिंग भाषेत, म्हणजे छोटे प्रोग्रॅम लिहून लगेच चालवण्याच्या भाषेत, अशा दोन दिनांकांची वजाबाकी एका ओळीत होते. संगणक ती वजाबाकी बिनचूक करतो. चूक होते ती वजाबाकीपूर्वी, म्हणजे हा दिनांक कोणत्या घड्याळाने आणि कोणत्या पंचांगाने लिहिला हे स्क्रिप्टला न सांगितल्यामुळे. अशी चूक कोठे दडली आहे हे शोधण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे अपेक्षित आणि प्रत्यक्ष उत्तरांतील फरक मोजणे, कारण बहुतेक वेळा त्या फरकाचे मापच चुकीचे कारण सांगून जाते.

त्यासाठी प्रथम दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. एक म्हणजे क्षण, जो पृथ्वीवर सर्वत्र एकच असतो, आणि दुसरी म्हणजे त्या क्षणाला दिलेली लेखी खूण, उदाहरणार्थ ‘१ मार्च २०२४, पहाटे २ वाजून १५ मिनिटे’. संगणक क्षण मोजतो तो बहुधा १ जानेवारी १९७० च्या जागतिक मध्यरात्रीपासून लोटलेल्या सेकंदांत. ही जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, भारतीय प्रमाणवेळेच्या साडेपाच तास मागे असते. खोडदच्या दुर्बिणीने भारतीय वेळेनुसार वर सांगितलेल्या क्षणी निरीक्षण सुरू केले असेल, तर जागतिक वेळेनुसार तो क्षण २९ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री ८ वाजून ४५ मिनिटांचा ठरतो. तास बदलतात, दिवस बदलतो, महिनाही बदलतो. जो प्रोग्रॅमर केवळ तासांच्या आकड्यातून साडेपाच वजा करतो आणि दिवस तसाच ठेवतो, त्याचे उत्तर पहाटे साडेपाचपूर्वीच्या सर्व नोंदींसाठी नेमके चोवीस तासांनी चुकते आणि उरलेल्या दिवसासाठी बरोबर येते. दुपारी बसून केलेल्या चाचणीत ही चूक कधीच दिसत नाही.

फरक नेमका साडेपाच तासांचा निघाला, तर टाइमझोनचा उल्लेख कोठेतरी गळाला आहे असे निःशंक समजावे. पायथनमधील ‘डेटटाइम’ या प्रकारची वेळ दोन तऱ्हांची असते : टाइमझोन सोबत असलेली आणि नसलेली. दोन्हींची परस्परांतून वजाबाकी करू गेल्यास पायथन चूक दाखवून थांबतो, आणि ते उपकारकच असते. धोका असतो तो दोन्ही वेळा टाइमझोनविरहित असताना, कारण मग एक भारतीय आणि दुसरी जागतिक असली तरी वजाबाकी निमूटपणे पार पडते. नारायणगावच्या टोमॅटो बाजारातील आवकेची दिवसवार बेरीज करणारी स्क्रिप्ट स्वतःच्या लॅपटॉपवर चोख चालते, कारण लॅपटॉपचे घड्याळ भारतीय असते. तीच स्क्रिप्ट भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर चढवली की तेथील घड्याळ सहसा जागतिक वेळेवर ठेवलेले असल्याने मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतील आवक आदल्या दिवसाच्या खात्यात जाते. महिन्याची बेरीज जवळपास जुळते, रोजची जुळत नाही. यावर उपाय म्हणजे नोंद वाचतानाच तिला टाइमझोन जोडणे, सर्व गणित जागतिक वेळेत करणे आणि भारतीय वेळ केवळ दाखवताना वापरणे. पायथनच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये आढळणारे ‘यूटीसीनाऊ’ हे फंक्शन जागतिक वेळ देते खरे, पण टाइमझोन न जोडता देते; त्यामुळे ३.१२ या आवृत्तीपासून त्याचा वापर टाळण्याची सूचना भाषेनेच दिली आहे. जावास्क्रिप्टमध्ये याच रोगाचे दुसरे लक्षण दिसते : वर्ष-महिना-दिवस एवढाच मजकूर दिल्यास ती भाषा तो जागतिक मध्यरात्र समजते, आणि भारतातील पडद्यावर वेळ सकाळी साडेपाचची उमटते.

फरक बारा मिनिटांचा असेल तर कारण वेगळे असते, आणि ते मानवी सवयीत रुजलेले असते. ‘साडेपाच तास’ हे लेखनात ५.३० असे लिहिले जाते. स्क्रिप्टमध्येही तासांच्या जागी ५.३० लिहिले की संगणक ते दशांश समजतो, म्हणजे पाच तास आणि तासाचे तीन दशांश, अर्थात ५ तास १८ मिनिटे. योग्य आकडा ५.५ आहे. शेतातील नोंदवहीत हीच चूक अधिक नुकसान करते. कालव्याच्या आवर्तनात पाण्याची मोटर एका दिवशी ‘६.४५ तास’ आणि दुसऱ्या दिवशी ‘२.३० तास’ चालली अशी नोंद असेल, तर साधी बेरीज ८.७५ येते, कोणी ती पावणेनऊ तास म्हणून वाचतो, परंतु मोटर प्रत्यक्षात सव्वानऊ तास चाललेली असते. अशा नोंदी वाचताना टिंबाच्या डावीकडचा आणि उजवीकडचा भाग मजकूर म्हणून तोडून, पहिला तास आणि दुसरा मिनिटे मानूनच पुढे जावे. तत्पूर्वी टिंबानंतर ६० किंवा त्याहून मोठा आकडा कोठे आहे काय ते शोधावे, कारण तसा आकडा आढळल्यास नोंदवहीत दोन पद्धतींची सरमिसळ झालेली असते आणि तेथे मूळ वही पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

तेवीस मिनिटांचा फरक दिसला तर अनेक जण बुचकळ्यात पडतात. पायथनमध्ये ‘पायटीझेड’ नावाचे जुने पॅकेज अजून पुष्कळ ठिकाणी वापरात आहे, आणि त्यातील ‘एशिया/कोलकाता’ हा टाइमझोन डेटटाइम तयार करताना थेट जोडला, तर भारताची वेळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटे नव्हे तर ५ तास ५३ मिनिटे पुढे धरली जाते. हा आकडा कोलकात्याच्या जुन्या स्थानिक वेळेचा आहे. रेखावृत्ताच्या प्रत्येक अंशाला चार मिनिटे या हिशेबाने ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची वेळ भारतीय प्रमाणवेळ ठरते, तर कोलकाता त्याहून पूर्वेस असल्याने तेथील सूर्य सुमारे साडेतेवीस मिनिटे आधी माथ्यावर येतो. टाइमझोनच्या तक्त्यात प्रत्येक ठिकाणच्या वेळेचा इतिहास ओळीओळीने साठवलेला असतो आणि हे पॅकेज थेट जोडणीत त्यातील सर्वांत जुनी ओळ उचलते. पॅकेजच्या ‘लोकलाइझ’ या फंक्शनने टाइमझोन जोडला की योग्य ओळ निवडली जाते. नव्या लेखनात मात्र ३.९ आवृत्तीपासून पायथनमध्येच असलेले ‘झोनइन्फो’ वापरणे श्रेयस्कर.

या तक्त्यातील इतिहास कोलकात्याचा आहे, पश्चिम महाराष्ट्राचा नव्हे, हेही जुन्या कागदपत्रांवर काम करणाऱ्याने ध्यानी घ्यावे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली तरी मुंबईत ‘मुंबई टाइम’ पुढे कित्येक दशके टिकून राहिला आणि तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होता; खुद्द खोडद परिसराची स्थानिक वेळ सुमारे ३४ मिनिटे मागे पडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर देशाचे घड्याळ तासभर पुढे केलेले होते. म्हणून त्या काळातील तारेवरची किंवा वृत्तपत्रातील वेळ आजच्या वेळेशी ताडताना ३९ मिनिटांचा अथवा एका तासाचा फरक निघाला, तर स्क्रिप्टमध्ये दोष शोधत बसण्यापेक्षा मूळ नोंद कोणत्या घड्याळाची आहे ते आधी पाहावे.

दिनांकाच्या मांडणीतील, म्हणजे फॉरमॅटमधील, चुकांचे माप मिनिटांत येत नाही. त्या आकृतिबंधावरून ओळखाव्या लागतात. वाचलेल्या दिनांकांत दरमहा पहिले बारा दिवस अस्ताव्यस्त आणि तेरापासून पुढचे व्यवस्थित दिसत असतील, तर दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली आहे. ‘०३/०४/२०२४’ हा मजकूर भारतात ३ एप्रिल असतो, तर ‘पांडास’ हे तक्त्यांचे काम करणारे लोकप्रिय पॅकेज काही न सांगितल्यास तो ४ मार्च समजते. जुन्या आवृत्त्या तर तेरावा महिना नसतो हे ओळखून पुढचे दिनांक गुपचूप बरोबर वाचत, त्यामुळे एकाच स्तंभात दोन रीती मिसळत. येथे अंदाज बांधण्याचे काम पॅकेजवर कधीच सोपवू नये; मांडणीचे सूत्र स्वतः लिहून द्यावे. महिन्याच्या जागी ० ते ५९ मधील आकडे उमटत असतील, तर त्या सूत्रात टक्का चिन्हापुढे लहान ‘एम’ऐवजी मोठा ‘एम’ पडला आहे, कारण लहान अक्षर महिन्याचे आणि मोठे मिनिटांचे असते. दोन आकडी वर्षाचा सापळा आणखी वेगळा : पायथन ६९ ते ९९ हे आकडे विसाव्या शतकात आणि ० ते ६८ हे एकविसाव्या शतकात टाकतो, म्हणून १९६५ साली जन्मलेल्या व्यक्तीचे ‘६५’ हे वर्ष २०६५ होते आणि तिचे वय ऋण येते.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक अडचण भेटते, जिचा उल्लेख इंग्रजी पुस्तकांत क्वचितच सापडतो. जावास्क्रिप्टमध्ये दिनांक मराठी पद्धतीने दाखवण्याची आज्ञा दिली की तो देवनागरी अंकांत उमटतो. पडद्यावर ते उचितच आहे, परंतु तोच मजकूर फाइलमध्ये साठवून परत वाचू गेल्यास ती भाषा देवनागरी अंकांना संख्या मानत नाही. पायथनचे वागणे अर्धवट उदार आहे : मजकुराचा पूर्णांक करणारे ‘इंट’ हे फंक्शन ‘१२’ हे देवनागरी अंक विनातक्रार स्वीकारते, पण मजकुरातून दिनांक वाचणारे ‘स्ट्रप्टाइम’ देवनागरीतील दिवस नाकारते. त्यामुळे वयाचा रकाना वाचला जातो आणि जन्मदिनांकाचा अडतो, आणि फाइलच बिघडली असावी असा समज होतो. वाचण्यापूर्वी दहाही अंकांचे रूपांतर करणारी एक ओळ घातली की प्रश्न मिटतो. साठवण्याचा दिनांक आणि दाखवण्याचा दिनांक यांची मांडणी वेगळी ठेवण्याची शिस्त त्याहूनही मोलाची आहे.

कालांतराच्या गणितातील सर्वांत फसवी चूक पायथनच्या ‘टाइमडेल्टा’ या प्रकारात आहे, कारण ती काही वेळा योग्य उत्तर देते. दोन वेळांच्या वजाबाकीतून येणारे हे कालांतर दिवस, सेकंद आणि मायक्रोसेकंद अशा तीन कप्प्यांत साठवलेले असते, आणि त्यातील ‘सेकंड्स’ हा कप्पा पूर्ण दिवस वगळून उरलेले सेकंद सांगतो. एक दिवस आणि अर्धा तास एवढ्या कालांतरासाठी तो १८०० दाखवतो, म्हणजे दिवस नाहीसा होतो. याउलट रात्री १०:४० ला सुरू होऊन दुसऱ्या सकाळी ५:२५ ला संपलेल्या कामाची केवळ वेळ नोंदवली आणि दिनांक नोंदवला नाही, तर वजाबाकी ऋण सव्वासतरा तास येते; पायथन ते ‘उणे एक दिवस, अधिक पावणेसात तास’ असे साठवतो आणि सेकंदांचा कप्पा २४,३०० म्हणजे अचूक पावणेसात तास दाखवतो. हे उत्तर योगायोगाने बरोबर असते. लेखकाचा त्या कप्प्यावर विश्वास बसतो आणि काम चोवीस तासांपलीकडे लांबले की हिशेब फसतो. वजाबाकीनंतर नेहमी ‘टोटल सेकंड्स’ हे फंक्शनच वापरावे आणि उत्तर ऋण आले तर त्याला धन करून पुढे न जाता तेथेच थांबावे, कारण ऋण उत्तर म्हणजे दिनांक गहाळ असल्याची खूण असते.

तीन तासांचा फरक मात्र प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात सापडत नाही. तो समजण्यासाठी पावसाच्या नोंदीची रीत माहीत असावी लागते, आणि या परिसरात तरी ती प्रत्येक अभ्यासकाला माहीत असायलाच हवी. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराचा कडा कोसळून दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. त्या घटनेपूर्वी किती पाऊस पडला हा प्रश्न स्क्रिप्टने सोडवायचा असेल, तर ‘३० जुलैचा पाऊस’ म्हणजे काय हे प्रथम ठरवावे लागते. भारतीय हवामान विभागाच्या रीतीनुसार एखाद्या दिनांकापुढे लिहिलेला पाऊस हा त्या दिवशी सकाळी ८:३० ला संपलेल्या चोवीस तासांचा असतो. म्हणजे ३० तारखेच्या आकड्यात बहुतांश पाऊस २९ च्या दिवसाचा आणि रात्रीचा आहे. स्क्रिप्टने तो आकडा ३० तारखेच्या मध्यरात्रीपासून पुढे पसरवला, तर कडा कोसळण्यापूर्वीचा पाऊस नंतर पडल्यासारखा दिसतो आणि कार्यकारणाचा क्रमच उलटतो. उपग्रहावरून मिळणाऱ्या पावसाची नोंद जागतिक वेळेत असते. त्या नोंदींची जागतिक दिनांकानुसार बेरीज केल्यास तो दिवस भारतीय वेळेनुसार पहाटे ५:३० ला संपतो, म्हणजे पर्जन्यमापकाच्या दिवसापेक्षा तीन तास आधी. या दोन मालिकांची तुलना करताना दिनांकाला दिनांक जोडणे टाळावे, उपग्रहाच्या अर्ध्या तासाच्या नोंदी घेऊन त्यांची बेरीज जागतिक वेळेच्या ३ वाजल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या ३ वाजेपर्यंत करावी, आणि ‘दिनांक’ असा एकच रकाना ठेवण्याऐवजी कालखंडाचा आरंभ व शेवट असे दोन रकाने ठेवावेत. ज्या नोंदीवरून पुढच्या वेळी धोक्याची सूचना द्यायची आहे, तिच्यात तीन तासांची ढिलाई परवडणारी नाही.

दहा दिवसांचा फरक शिवनेरीवर भेटतो. महाराष्ट्र शासनाने मान्य केलेली शिवजन्माची तारीख १९ फेब्रुवारी १६३० ही असून जेधे शकावलीतील नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. पायथनला १९ फेब्रुवारी १६३० चा वार विचारला तर तो मंगळवार सांगतो, आणि त्यावरून ऐतिहासिक नोंदच चुकली असा निष्कर्ष काढण्याचा मोह होऊ शकतो. वस्तुस्थिती अशी की १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या जूलियन पंचांगातील आहे, तर पायथन आजचे ग्रेगोरियन पंचांग भूतकाळातही मागे मागे ताणून वापरतो. सतराव्या शतकात या दोन पंचांगांत दहा दिवसांचे अंतर होते. ते धरले की ग्रेगोरियन तारीख १ मार्च १६३० येते आणि त्या तारखेचा वार पायथनही शुक्रवारच सांगतो. युनिक्सच्या परंपरेतील ‘कॅल’ ही आज्ञा ब्रिटनने १७५२ साली केलेला पंचांगबदल गृहीत धरत असल्याने ती १९ फेब्रुवारीलाच शुक्रवार दाखवते. एकाच संगणकावरील दोन साधने दोन वार सांगतात आणि दोन्ही आपापल्या गृहीतकानुसार बरोबर असतात. येथेच एका वर्षाच्या फरकाचीही दक्षता घ्यावी : शकाच्या आकड्यात सरसकट ७८ मिळवले तर १५५१ चे १६२९ होते, परंतु फाल्गुन महिना इसवी सनाचे नवे वर्ष लागल्यानंतर येत असल्याने तेथे ७९ मिळवावे लागतात.

उरले ते लहान फरक, आणि ते खोडदच्या कामात सर्वांत महत्त्वाचे ठरतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडून चालवल्या जाणाऱ्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. एखादा तारा रोज ठराविक वेळी माथ्यावर येईल असे गृहीत धरून वेळापत्रकाची स्क्रिप्ट लिहिली, तर रोज सुमारे चार मिनिटांची चूक साचत जाते आणि पंधरवड्यात ती तासाभराची होते, कारण ताऱ्यांच्या हिशेबाचा दिवस २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांचा असतो. फरक अठरा सेकंदांचा निघाल्यास जीपीएसची वेळ जागतिक वेळ म्हणून वापरली गेली असावी. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी जागतिक वेळेत अधूनमधून घातलेले लीप सेकंद जीपीएस मोजत नाही, आणि त्यातील अखेरचा सेकंद ३१ डिसेंबर २०१६ च्या शेवटी घातला गेला. त्या क्षणी भारतात १ जानेवारीची पहाट उजाडत होती आणि ५ वाजून २९ मिनिटांनंतर एकसष्ट सेकंद मोजले गेले; पायथनचा डेटटाइम तो एकसष्टावा सेकंद स्वीकारतच नाही.

स्पंदतारे, म्हणजे अत्यंत नियमितपणे रेडिओ स्पंद पाठवणारे मृत तारे, मोजताना तर आकडा साठवण्याची रीतच आड येते. खगोलशास्त्रात दिनांक जूलियन दिनसंख्येत, म्हणजे इसवी सनापूर्वी ४७१३ पासून सलग मोजलेल्या दिवसांत, लिहिण्याचा प्रघात आहे. आजची ही संख्या २४ लाखांच्या पुढे असल्याने संगणकाच्या नेहमीच्या दशांश प्रकारात ती साठवली की सुमारे ४० मायक्रोसेकंदांहून बारीक भेद उरत नाही. तिच्यातून २४,००,०००.५ वजा करून मिळणाऱ्या सुधारित दिनसंख्येत ही मर्यादा एका मायक्रोसेकंदाच्या आत येते. ‘ॲस्ट्रोपाय’ हे पॅकेज त्यापुढे जाऊन दिनांक दोन संख्यांच्या बेरजेच्या रूपाने साठवते आणि लीप सेकंदही हिशेबात धरते. म्हणून स्पंदांच्या आगमनवेळांत ४० मायक्रोसेकंदांच्या पायऱ्या दिसू लागल्या, तर दुर्बिणीच्या घड्याळावर संशय घेण्याआधी स्क्रिप्टमध्ये पूर्ण दिनसंख्या कोठे एकाच आकड्यात कोंबली गेली आहे ती ओळ शोधावी आणि पूर्ण दिवस व दिवसाचा अंश वेगवेगळ्या आकड्यांत ठेवून तीच वजाबाकी पुन्हा करून पाहावी.